रेगेन्सबर्ग १५४१: पाचवं कलम आणि नीतिमत्त्व नेमकं कोणाचं?

नीरा_काठची

मागच्या एका धाग्यावर 'प्रोटेस्टंट विश्वासाने तरतात, कॅथलिक कर्माने' असं एका वाक्यात उरकलं गेलं. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा काथ्याकूट. ते वाक्य दोघांवरही अन्याय करतं. खरा वाद त्याहून बारीक आहे.

पापी माणूस देवासमोर नीतिमान ठरतो तो कृपेने आणि ख्रिस्तामुळे, इथवर रोम (कॅथलिक) आणि विटेनबर्ग (ल्यूथरचे प्रोटेस्टंट) बरोबर चालतात. फाटा पुढे फुटतो. देव एखाद्याला 'हा नीतिमान' म्हणतो तेव्हा तो कशाकडे बघून म्हणतो? एक उत्तर असं की माणसाच्या ठायी दाखवण्यासारखं काही नाही. ख्रिस्ताचं नीतिमत्त्व त्याचं म्हणून धरलं जातं. हे आरोपित नीतिमत्त्व. दुसरं उत्तर असं की देव पवित्र आत्म्याच्या द्वारे कृपा आणि प्रीती अंतःकरणात ओततो, माणूस आतून खरोखर नीतिमान होतो, आणि देव जे आहे तेच बोलतो. हे ओतलेलं नीतिमत्त्व. दुसऱ्या उत्तराचं घराणं थेट प्राचीन चर्चच्या ऑगस्टीनपर्यंत जातं आणि मध्ययुगातल्या थॉमस अक्वायनस या धर्मपंडिताने त्याची घडी बसवून दिली. पहिलं उत्तर आजच्या नेमक्या रूपात मांडलं ते मुख्यतः ल्यूथरचा सहकारी मेलांख्थोन याने, १५३० नंतर. ल्यूथरच्या लिखाणात ते आहे, पण इतर बऱ्याच गोष्टींत मिसळलेलं.

आता गंमत अशी की या मुद्द्यावर दोन्ही पक्षांचं एकदा चक्क एकमत झालं होतं. १५४१ चा वसंत ऋतू, जर्मनीतलं रेगेन्सबर्ग. सम्राट पाचव्या चार्ल्सला तुर्कांविरुद्ध जर्मन राजे एकत्र हवे होते, आणि धर्माची भांडणं मिटल्याशिवाय ते एकत्र येत नव्हते. त्याने सहा पंडित बसवले. कॅथलिकांकडून योहान एक्, ग्रोपर आणि फ्लुग. प्रोटेस्टंटांकडून मेलांख्थोन, ब्युत्सर आणि पिस्टोरियस. पोपचा प्रतिनिधी होता कार्डिनल गास्पारो काँतारिनी, मूळचा व्हेनिसचा मुत्सद्दी. स्ट्रासबर्गच्या मंडळींबरोबर एक तरुण फ्रेंच माणूसही आला होता: कॅल्विन, पुढचा मोठा प्रोटेस्टंट सुधारक. २ मे रोजी नीतिमान ठरण्याविषयीच्या पाचव्या कलमावर एकमत झालं.

त्या कलमाचा सारांश असा. माणूस जिवंत आणि कार्य करणाऱ्या विश्वासाने नीतिमान ठरतो. त्याला ख्रिस्तामुळे आतलं नीतिमत्त्वही मिळतं. पण विश्वासू जीव त्या आतल्या नीतिमत्त्वावर भार टाकत नाही, फुकट मिळालेल्या ख्रिस्ताच्या नीतिमत्त्वावर टाकतो. कॅल्विनने आपला सहकारी फारेल याला पत्रात कळवलं की विरोधकांनी इतकं मान्य केलेलं बघून तुला नवल वाटेल. ल्यूथर मात्र 'ठिगळकाम' म्हणून भडकला, रोमनेही ते स्वीकारलं नाही. आणि चर्चा कोसळली ती या कलमावर नाहीच. ती कोसळली प्रभुभोजनातल्या भाकरीच्या द्रव्यांतरावर (भाकर खरोखर ख्रिस्ताचं शरीर होते या शिकवणीवर) आणि चर्चच्या अधिकारावर.

माझं मत असं. पाचव्या कलमाने दोन नीतिमत्त्वं शेजारी शेजारी ठेवली आणि जिवाने कशावर टेकायचं ते सांगितलं. देव कशावरून ठरवतो, ते सांगितलं नाही. सहा वर्षांनी, १३ जानेवारी १५४७ ला, कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेने ते सांगितलं: नीतिमान ठरण्याचं 'एकमेव स्वरूप-कारण' (ज्याच्यामुळे माणूस नीतिमान असतो ते) म्हणजे देवाचं नीतिमत्त्व, पण ज्याने तो स्वतः नीतिमान आहे ते नव्हे, ज्याने तो आपल्याला नीतिमान करतो ते. मी उपासनेला जाते ती प्रोटेस्टंट मंडळीत, आणि ट्रेंटचं उत्तर मला मान्य नाही. तरी प्रश्न त्यांनी अंगावर घेतला, रेगेन्सबर्गने टाळला, असंच वाटतं.

गार_चहा

वाचतोय. योहान 'एक्' आणि बाकीचे पाच, हे वाचून आधी सातवा शोधत बसलो.

तर्कट_तात्या

लेख छान, पण माझा खडा पहिल्याच घासात. माणूस नीतिमान नाही, आणि देव म्हणतो आहे. म्हणजे एक तर देवाला कळत नाही किंवा तो कळून खोटं बोलतो. सर्वज्ञ आणि सत्यस्वरूप देवाला दोन्ही शोभत नाही. यापेक्षा कॅथलिकांचं बरं, निदान हिशोब जुळतो. मी दोन्हींतला नाही, तेव्हा राग नसावा.

नीरा_काठची

राग कसला, तात्या. हा आक्षेप त्या काळापासूनचा आहे, 'कायदेशीर कल्पित' म्हणून, म्हणजे खरं नसताना कागदोपत्री खरं धरलेलं.

एक उत्तर ल्यूथरच्या १५२० च्या लिखाणात सापडतं. विश्वासाने जीव ख्रिस्ताशी वधूसारखा जोडला जातो. वराचं ते वधूचं, वधूचं ते वराचं. तिची पापं त्याची, त्याचं नीतिमत्त्व तिचं. लग्न खरं असेल तर ही मालकी खोटी कशी? कॅल्विन तर म्हणतो की ख्रिस्त आपल्याबाहेर राहिला तोवर त्याने केलेलं सगळं आपल्याला निरुपयोगी. म्हणजे आधी एकरूपता आणि त्या एकरूपतेमुळे आरोपण. परक्याची गोष्ट परक्याच्या नावावर, असा तो व्यवहार नाही.

दुसरं २ करिंथ. ५:२१. ज्याला पाप ठाऊक नव्हतं त्याला देवाने आपल्यासाठी पाप केलं, आपण त्याच्या ठायी देवाचं नीतिमत्त्व व्हावं म्हणून. ख्रिस्तामध्ये पाप 'ओतलं' गेलं असं कोणीही म्हणत नाही, कॅथलिकही नाही. वाक्याचा पूर्वार्ध आरोपणाचा असेल तर उत्तरार्ध ओतण्याचा कसा, हे मला आजवर कोणी समजावून दिलेलं नाही.

पापडीचा_पाव

मी देतो, नीराताई, बघा पटतं का. वसईचा कॅथलिक, धर्मशिक्षणाच्या वर्गात वाढलेला, त्यामुळे पक्षपात गृहीत धरा.

तुमच्या वचनात 'नीतिमान गणले जावे' असं नाही, 'नीतिमत्त्व व्हावे' आहे. पुढे रोम. ५:५ बघा, देवाची प्रीती आपल्या अंतःकरणात ओतली आहे. 'ओतणे' हा शब्द आम्ही बाजारातून आणलेला नाही, पौलाचाच आहे.

आणि ट्रेंटच्या याच आदेशातला अकरावा नियम लोक अर्धा वाचतात. शाप कोणावर आहे? 'केवळ' ख्रिस्ताच्या नीतिमत्त्वाच्या आरोपणाने, किंवा 'केवळ' पापक्षमेने माणूस नीतिमान ठरतो, हृदयात ओतलेली कृपा आणि प्रीती बाजूला सारून, असं म्हणणाऱ्यावर. सगळा जोर त्या 'केवळ' वर आहे. त्याच आदेशाच्या आठव्या प्रकरणात म्हटलंय की नीतिमान ठरण्याच्या आधी माणसात जे काही असतं, विश्वास असो की कर्म, त्याने ती कृपा कमावली जात नाही. 'कर्माने तरतात' म्हणणाऱ्यांनी तेवढं तरी वाचावं.

तात्यांच्या आक्षेपावर आमच्या बाजूचं मला आवडणारं उत्तर न्यूमन या इंग्रज धर्मपंडिताचं आहे, जो पुढे कॅथलिक झाला, आणि गंमत म्हणजे त्याने ते १८३८ साली अँग्लिकन असतानाच दिलं. देव घोषणा करतो हे खरं. पण देवाची घोषणा म्हणजे आपलं बोलणं नव्हे. 'प्रकाश होवो' म्हटलं आणि प्रकाश झाला. तो 'नीतिमान' म्हणाला की माणूस नीतिमान होतो. घोषणा आधी, बदल तिच्या पोटात. मग देव खोटं बोलतो का, हा प्रश्नच उरत नाही.

ओवीबद्ध

आपल्याकडे मर्कटकिशोर आणि मार्जारकिशोर न्याय आहेत ना? माकडाचं पिल्लू आईला स्वतः धरून राहतं, मांजरीचं पिल्लू नुसतं लोंबकळतं आणि आई उचलून नेते. दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांत वडकलै आणि तेन्कलै हे पंथ यावरच फुटले असं सांगतात. कॅथलिक माकड, प्रोटेस्टंट मांजर, असं समजायचं का?

पापडीचा_पाव

माकड म्हटलंत तरी चालेल, पण उपमा चुकीच्या फांदीवर बसली आहे. तुम्ही म्हणता तो वाद माणसाच्या सहकार्याचा. तो आमच्यात आहेच: ट्रेंट म्हणतं की देवाने हलवलेली इच्छा त्याला होकार देते, अगदीच निर्जीव नसते, ल्यूथर तिथे मांजरीचा. नीराताईंचा धागा त्याच्या पुढच्या प्रश्नावर आहे.

नीरा_काठची

पूर्ण सहमत. पिल्लू कसंही पोचलं तरी पोचल्यावर त्याला कशाच्या आधारावर स्वच्छ म्हणायचं, हा प्रश्न दोन्ही पिल्लांना आहेच.

आणि न्यूमनबद्दल: घोषणेने बदल घडतो हे मलाही मान्य. पण तो बदल या आयुष्यात अपुरा राहतो. अपुऱ्या गोष्टीकडे बघून देव 'पूर्ण' म्हणत असेल, तर तात्यांचा आक्षेप मागच्या दाराने तुमच्याच घरात शिरतो.

गार_चहा

अडाणी प्रश्न. प्रोटेस्टंटसुद्धा म्हणतात की माणूस बदलायला हवा, कॅथलिकसुद्धा म्हणतात की सगळं कृपेने. मग हा कीस का पाडायचा? सामान्य माणसाला काय फरक पडतो?

नीरा_काठची

अडाणी अजिबात नाही. नेमका हाच प्रश्न ट्रेंटमध्ये एका माणसाने उभा केला होता, आणि माझ्या मते त्या परिषदेतला तो सर्वांत चांगला प्रश्न होता.

जिरोलामो सेरिपांदो, ऑगस्टिनियन संघाचा प्रमुख, म्हणजे ल्यूथर ज्या संघातून बाहेर पडला त्याचाच. आदेशाचे मसुदे करण्यात त्याचा मोठा हात होता. त्याने विचारलं: आयुष्यभर कृपेत जगलेला माणूस मरणानंतर न्यायासनासमोर उभा राहिला, तर त्याच्या ठायी असलेलं नीतिमत्त्व तिथे पुरेल का? की तिथेही त्याला पुन्हा ख्रिस्ताच्या नीतिमत्त्वाकडे हात पसरावा लागेल? प्रश्न पुस्तकी नाही. रोज कुठल्या ना कुठल्या खाटेवर कोणीतरी तो विचारत असतं.

दिएगो लायनेझ या जेसुइटाने २६ ऑक्टोबर १५४६ ला त्याच्याविरुद्ध लांबलचक भाषण केलं. बहुतेक धर्मपंडित लायनेझच्या बाजूचे निघाले आणि आदेशात 'एकमेव' हा शब्द आला. दुहेरी नीतिमत्त्वाचं (आतलंही हवं आणि ख्रिस्ताचंही, या सेरिपांदोच्या मताचं) नाव घेऊन शाप मात्र दिला नाही. सेरिपांदोवरही किटाळ आलं नाही. पुढे तो कार्डिनल झाला आणि त्याच परिषदेत पोपचा प्रतिनिधी म्हणून काम करताना १५६३ ला वारला. काँतारिनी हे बघायला नव्हता, तो १५४२ मध्येच गेला. रेगेन्सबर्गहून लिहिलेल्या पत्रात त्याने स्वच्छ म्हटलं होतं की आपण आपल्या आतल्या पावित्र्यावर टेकू नये, ख्रिस्ताच्या नीतिमत्त्वावर टेकावं, कारण तेच स्थिर आहे.

पापडीचा_पाव

थोडं लायनेझच्या बाजूने बोलू द्या, इथे त्याचा वकील कोणी दिसत नाही.

माझ्या आत जे आहे ते माझं नाहीच, ख्रिस्ताने दिलेलं आहे. मग 'ते पुरणार नाही, वरून आणखी हवं' म्हणण्यात ख्रिस्ताच्या देणगीलाच कमी लेखणं येतं. ट्रेंट सोळाव्या प्रकरणात म्हणतं, ख्रिस्ती माणसाने स्वतःवर भरवसा ठेवणं किंवा स्वतःचा अभिमान धरणं देव न करो. देवाचा चांगुलपणा एवढा की त्याने दिलेली दानं तो आपली पुण्याई म्हणून धरतो. म्हणजे ट्रेंटच्या माणसालाही शेवटी बघायचं आहे ते ख्रिस्ताकडेच.

आणि हे फक्त कागदावर नाही. बेलार्मिन हा ट्रेंटनंतरचा आमचा सर्वांत कडवा वादपटू, प्रोटेस्टंटांचे दात पाडण्यात आयुष्य गेलं. त्यानेच लिहिलंय की आपल्या नीतिमत्त्वाची खात्री देता येत नाही आणि पोकळ अभिमानाचा धोका असतो, म्हणून सगळा भरवसा फक्त देवाच्या दयेवर ठेवणं हेच सर्वांत सुरक्षित. लिझ्यूची संत तेरेझा १८९५ च्या समर्पण-प्रार्थनेत म्हणते की मी रिकाम्या हाताने तुझ्यापुढे येईन, आमच्या सगळ्या नीतिमत्त्वावर तुझ्या नजरेला डाग दिसतात, म्हणून मला तुझंच नीतिमत्त्व पांघरू दे. ही प्रार्थना कॅथलिक धर्मशिक्षणाच्या अधिकृत ग्रंथात छापलेली आहे.

तर्कट_तात्या

म्हणजे भांडताना ट्रेंट आणि मरताना रेगेन्सबर्ग!

नीरा_काठची

तात्या, हे वाक्य चोरणार आहे.

पण पावदादा, तेरेझा तुमची म्हणून मला रोखू नका: ती 'पांघरणं' म्हणते. पांघरलेलं बाहेरून येतं. सेरिपांदो ट्रेंटमध्ये याहून जास्त काही मागत नव्हता.

पापडीचा_पाव

तिला पांघरूण हवं आहे हे खरं, पण ती त्याच वाक्यात पुढे देवालाच कायमचं आपलं करून मागते. आत आणि बाहेर असं ती वाटत बसत नाही. वाटणी तुमची.

भायखळा_स्लो

मेथॉडिस्ट घरातला, म्हणून मध्येच तोंड घालतो. प्रोटेस्टंट सगळे एका सुरात 'आरोपित' म्हणतात असा समज नको. आमच्या पंथाचा संस्थापक वेस्ली याने १७५६ मध्ये जेम्स हर्वीला लिहिलं की 'ख्रिस्ताचं आरोपित नीतिमत्त्व' या शब्दप्रयोगासाठी भांडू नका, तो पवित्र शास्त्रात नाही आणि त्याने अपाय झालेला मी पाहिला आहे. अपाय कुठला? 'ख्रिस्त माझ्यासाठी पवित्र, मग मला कशाला पवित्र व्हायला हवं' म्हणणारे लोक. १७६५ च्या प्रवचनात तो आरोपण मान्य करतो, पण लगेच सांगतो की ज्याला देव नीतिमान ठरवतो त्याच्यात तो नीतिमत्त्व रुजवतोसुद्धा.

नीरा_काठची

वेस्लीची भीती रास्त आहे, असे लोक मीही पाहिलेत. पण उपाय म्हणून पाया बदलायचा का? कॅल्विनने दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवूनही तोडल्या नाहीत. तो 'दुहेरी कृपा' म्हणतो: ख्रिस्ताशी जोडलं गेलं की नीतिमान ठरणं आणि पवित्र होत जाणं दोन्ही मिळतात, एक सोडून दुसरं घेता येत नाही. फक्त दुसऱ्यावर पहिलं उभं करायचं नाही. याकोब २:२४ चा ('केवळ विश्वासाने नव्हे, कर्मांनी') प्रश्नही मला यातच सुटताना दिसतो, पण तो वेगळा धागा.

ओवीबद्ध

मराठीतलं काही उदाहरण? पंडिता रमाबाईंचं वाचल्यासारखं आठवतं.

नीरा_काठची

हो, आणि ते इथे बसतं. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजच्या अँग्लिकन भगिनींकडे (जोगिणींकडे) असताना त्यांचा बाप्तिस्मा झाला. तो परिसर हाय चर्च अँग्लिकन, म्हणजे संस्कारांना मोठं वजन देणारा. १९०७ च्या साक्षीत त्या लिहितात की बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी उमगलं, मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. ट्रेंटच्या मते नीतिमान ठरण्याचं साधन-कारण, म्हणजे ते ज्याच्याद्वारे मिळतं ते, बाप्तिस्मा. सुधारकांच्या मते हातात धरायचं साधन विश्वास. रमाबाई एकाकडून दुसऱ्याकडे गेल्या असं मी वाचते.

पापडीचा_पाव

आणि मी असं वाचतो की बाप्तिस्म्यात मिळालेलं बीज आठ वर्षांनी उगवलं. ट्रेंटने तरी कुठे म्हटलंय की पाणी डोक्यावर पडलं की विश्वास नको? त्याच वाक्यात बाप्तिस्म्याला विश्वासाचा संस्कार म्हटलंय.

बरं, १९९९ चं कोणी काढत नाही म्हणून मीच काढतो. ३१ ऑक्टोबर १९९९, ऑग्सबर्ग, सेंट अॅना चर्च. १५१८ मध्ये कार्डिनल कायेतानसमोर चौकशीला आलेला ल्यूथर याच ठिकाणच्या मठात उतरला होता. कॅथलिक चर्च आणि ल्युथेरन जागतिक महासंघाने संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या: त्यात मांडलेल्या शिकवणीपुरते सोळाव्या शतकातले परस्परांचे निषेध लागू होत नाहीत. २००६ ला मेथॉडिस्ट आले, २०१७ ला रिफॉर्म्ड (कॅल्विनच्या परंपरेतल्या) मंडळ्याही. मग आपण कशावर भांडतोय?

भायखळा_स्लो

आमचं नाव घेतल्याबद्दल आभार.

नीरा_काठची

घोषणापत्र चांगलं आहे. एकत्र प्रार्थना करायची वाट मोकळी झाली, हे मोठंच. पण ते वाचताना रेगेन्सबर्गचीच आठवण येते. त्यात म्हटलंय की देव विश्वासणाऱ्याचं पाप त्याच्याकडे गणत नाही आणि पवित्र आत्म्याद्वारे त्याच्यात कार्यशील प्रीती निर्माण करतो. दोन गोष्टी, मधे 'आणि'. स्वरूप-कारण एक की दोन, त्यावर निवाडा नाही. सहीच्या आधी जर्मनीतल्या शंभराहून जास्त प्रोटेस्टंट प्राध्यापकांनी जाहीर विरोध केला होता, आणि १९९८ मध्ये रोमनेही विश्वासणारा 'एकाच वेळी नीतिमान आणि पापी' या ल्युथेरन सूत्रावर हरकत नोंदवली होती. म्हणून मग जोडपत्र लिहावं लागलं.

तर्कट_तात्या

पण हे 'आत की बाहेर' तुम्ही दोघं इतकं ताणता, तिसरा पर्याय कोणी दिलाच नाही का? ख्रिस्त स्वतःच आत येऊन राहतो आणि देव त्याच्याकडे बघतो, असं म्हटलं की दोघांचं भागतं.

नीरा_काठची

दिला ना! आंद्रेआस ओझियांडर. १५४३ मध्ये कोपर्निकसच्या ग्रंथाला निनावी प्रस्तावना जोडून 'हे सगळं गणितापुरतं गृहीतक समजा' म्हणणारा तोच. हा गृहस्थ ल्युथेरन, न्युरेंबर्गचा नावाजलेला पाळक, पुढे क्योनिग्सबर्गला गेला आणि १५५० पासून तुम्ही म्हणता तेच मांडू लागला. विश्वासाने ख्रिस्ताचं दैवी स्वरूप आपल्यात वस्तीला येतं, तेच आपलं नीतिमत्त्व. क्रुसावरच्या आज्ञापालनाने क्षमा मिळवून दिली, पण नीतिमान आपण ठरतो ते आत राहणाऱ्या देवामुळे.

त्याच्यावर मेलांख्थोन तुटून पडला, कॅल्विनने आपल्या 'इन्स्टिट्यूट्स' ग्रंथाच्या १५५९ च्या आवृत्तीत पानंच्या पानं त्याच्यासाठी खर्च केली, आणि १५७७ च्या ल्युथेरन विश्वास-सूत्राने त्याला बाजूला सारलं. कारण साधं होतं. नीतिमत्त्व आपल्या आतल्या कशावरही टेकलं, तो खुद्द देव का असेना, की माणूस पुन्हा आत डोकावून बघायला लागतो: आहे का, किती आहे, काल होता तेवढा आज आहे का. ल्यूथर मठात ज्याने वेडापिसा झाला ते हेच. ओझियांडरचा तोडगा मला बुद्धीला पटतो, पण खाटेवरच्या माणसाला तो उपयोगी नाही.

पापडीचा_पाव

खाटेवरच्या माणसाला आमच्याकडे फादर येऊन तेल लावतात, कम्युनियन देतात. त्याला आत डोकावायचं कारण पडत नाही, बाहेरून येणारं काहीतरी हातावर ठेवलं जातं. तुमची सगळी मांडणी एकट्या माणसाची आहे, ताई, त्याच्याजवळ कोणी बसलेलं नाही.

नीरा_काठची

हा मुद्दा मला खोडता येत नाही. आमच्याकडेही पाळक येतात आणि वचन वाचतात, पण तुम्ही म्हणता ते वजन त्याला आम्ही दिलेलं नाही, ल्यूथरने दिलं होतं. पापमोचनाचे शब्द म्हणजे खुद्द देवाचाच आवाज असं तो मानायचा, त्याने खासगी पापनिवेदन कधी टाकलं नाही. त्यावर वेगळं लिहीन.

गार_चहा

लिहा. आणि याकोबावरचा धागाही राहिलाय.